मार्चनंतरचं आवतन

भीमपूर, २४ नोव्हेंबर २०२५

जयवंता,

फोन तू उचलत नाईस. पोरीच्या फोनवरून लावला तरी माझा आवाज ऐकला की ठेवून देतेस. म्हणून आता कागद. पोस्टमन तो दारात टाकून जाईन, तवा तुले वाकून उचलावाच लागंन.

भांडायले लिहून राह्यली नाई. आपलं जावा-जावाचं भांडण दोन साल आधीच पोटभर झालं. तुमी म्हणे जिनिंग विका, मी म्हणे मेली तरी विकणार नाई. शेवटी तुझ्या नवऱ्यानं, भारतभाऊजींनं, आपला हिस्सा घेतला, तुमी नागपूरले गेले, अन् कापसाचं हे धूड माझ्या एकटीच्या गळ्यात राह्यलं. फाटकातून निघता निघता तू म्हटलं होतं, "ही जिनिंग माझी होतीच कवा?" जाऊ दे ते.

लिहायचं कारण येगळं आहे. नियम बदलले पाह्य.

आदिलाबादचा आपला नरसय्या सार तुले आठवत असंन, आपले सरकारी कागद पाहणारा, कपाळावर चष्मा ठेवून चष्माच शोधणारा. त्याचा फोन आला की माझ्या तोंडून शिवीच निघते. "अम्मा, रूल मारिंदी" म्हणते. रूल बदलला म्हणे. अरे बाप्पा, मागचा बदललेला अजून पचला नाई, तर हा दुसरा! सासरेबुवाच्या काळी तोंडाचा शब्द होता. मग फंड आला, विमा आला, नमुने आले, नमुने कॉम्प्युटरवर गेले. जिनिंगवाल्यायचा मोबाईलवर ग्रुप आहे, तिथं पाहावं तर एक म्हणते लगेच करा, दुसरा म्हणते थांबा, तिसरा गुड मॉर्निंगचं फूल टाकते. मालक होणं म्हणजे जन्मभर शाळेत बसणं झालं, अन् तेबी अशा शाळेत जिथं पुस्तक परीक्षेच्या दिवशी बदलते.

यावेळी लई मोठं आलं. दिल्लीनं जुने कायदे गोळा करून चार नवे केले, ते या महिन्यात लागू झाले. राज्याचे नियम अजून यायचेच आहेत. म्हणजे वरात दारात आली, नवरदेव मागून येऊन राह्यला. तरी नरसय्या सार म्हणते, अम्मा, दोन गोष्टी पक्क्या धरा. काम करणाऱ्या प्रत्येकाले नेमणुकीचा कागद द्यायचा. अन् चाळीसच्या वरच्यायची दरसाल तब्येतीची फुकट तपासणी करायची, खर्च मालकाचा.

मी चिडली. मग ठरवलं, करायचं तर ढंगात करायचं. मशिनीवर काम करणाऱ्या सगळ्या बायाईचे कागद मराठीत टाईप करून घेतले. नाव, काम, मजुरी, कामाचे घंटे, सुट्टी, सगळं. जाड कागद, वर जिनिंगचा शिक्का. आपल्या सुधाकरराव मुनिमानं बायाईच्या वस्तीत जाऊन अर्ध्या घंट्यात सारे वाटून टाकले. तू हंगामाच्या मुहूर्ताआधी वस्तीत जायची तर तुले सारा दिवस लागे! पाह्य, कागदानं काम कसं सोपं होते ते.

दत्तजयंतीचा मुहूर्त धरला आहे. यंदा कापूस ओला होता म्हणून उशीर. तुले सांगावं वाटलं, बस.

रेणुका


भीमपूर, ५ डिसेंबर

जयवंता,

काल मुहूर्त झाला. म्हणजे झाला नाई.

पुरुषमाणसं आली. गठाण बांधणारे आले, वजनकाट्यावरचा आला, भटजी आला. मशिनीले हार घातला, नारळ फोडला. बाया एक नाई. जयवंता, एकबी नाई! बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरायची रांग पार शाळेच्या वळणापर्यंत, अन् आत मशिनीपुढे कापूस टाकायले माणूस नाई. शेवटी मी म्हटलं, बटण तरी दाबा. मशीन रिकामी फिरली. असा भकास आवाज येते तिचा, तुले काय सांगू. मी बंद करायले लावली.

पहिले वाटलं, कोणाकडं मयत झाली. मुनीम म्हणे नाई, सगळ्या घरीच बसून आहेत. बयनाबाईले फोन लावला. तिच्या शब्दाबाहेर बाकीच्या जात नाईत, तुले मालूम आहे. तर म्हणते, "बाई, कागद भेटला आमाले. आमी समजलो." मी म्हटलं काय समजल्या वो? तिनं नुस्तं "बरं हाय" म्हटलं अन् ठेवला. तुझ्याकडून शिकली का काय ती फोन ठेवणं?

मले असा राग आला! रोजंदारी वाढवून लिहिली, सुट्टी लिहिली, अन् वर यांचा रुसवा. नियम मोडला तर सरकार धरते अन् पाळला तर बाया सोडून जातात. माणसानं करावं तरी काय?

आता खरी पंचाईत ऐक. शेतकरी दोन-चार दिवस थांबतीन, मग ट्रॅक्टर वळवून दुसऱ्या जिनिंगवर नेतीन, अन् एकदा तिकडं लागलेला माणूस परत येत नाई. मुनिमाचं म्हणणं, ठेकेदाराले सांगू. तो बाहेरून पोरं आणते, ते शेडमधीच राहतात, त्यायचे कागद ठेकेदार पाहते, मालकाच्या डोक्याले ताप नाई. ठेकेदारानं सोमवारपर्यंत हो का नाई विचारलं आहे. हो म्हटलं तर जिनिंग चालते. पण मग बयनाबाई, चंपाबाई, त्यायच्या सुना, या सगळ्याइचं हिवाळ्याचं काम कायमचं गेलं. ठेकेदाराची टोळी एकदा घुसली की निघत नाई. नाई म्हटलं तर माझी जिनिंग बसते. माझी झोप उडाली.

विचारायचं होतं ते इचारतेच. तू आवतनाले वस्तीत जाऊन दिवसभर काय करत होतीस वो? दरसाल सकाळी जायची अन् दिवस बुडता परत यायची. मी समजे, गप्पा मारून राह्यली असंन. तू असताना एकही मुहूर्त असा गेला नाई. तू गेल्यावरचे दोन हंगाम बाया आल्या खऱ्या, पण दरसाल चार-पाच कमी झाल्या, ते मी मनावर घेतलं नाई.

दौलत ड्रायव्हर सोयाबीनचा ट्रक घेऊन आज नागपूरले निघाला. पोस्टाची वाट पाहायले वेळ नाई, त्याच्याच हाती देते. तो तुझ्या दारात उभा राहीन. मले नको सांगू, त्याले सांग.

रेणुका


भीमपूर, ९ डिसेंबर

जयवंता, माझे बाई,

डबा भेटला.

दौलतनं ऑफिसात आणून ठेवला तवा मी पहिले ओळखलाच नाई. मग झाकणावरचा पोचा पाह्यला. तुझाच पितळी डबा, जो घेऊन तू वस्तीत जायची. आत गूळ अन् खोबऱ्याचे काप, नखाएवढे पातळ. खोबरं कापताना तुझा हात कंजूषच होता, अजूनबी आहे. चिठ्ठी शोधली. गूळ काढून खाली पाह्यलं, झाकणाच्या आत पाह्यलं. चिठ्ठी नाई. दौलतले इचारलं, बाई काय बोलल्या? तो म्हणे, "काईच नाई. पत्र उभ्यानंच वाचलं, मले बसवून चहा देल्ला, अन् अंदर जाऊन खोबरं कापत बसल्या."

मी तिथंच रडली. मुनीम बाहेर उठून गेला.

रविवार होता. डबा घेऊन मी पायीच निघाली. वस्तीच्या तोंडाशी गेल्यावर परत फिरावं वाटलं, खरं सांगते. मजुरांशी मालकीण म्हणून जन्मभर बोलली, आवतन द्यायले कोणाच्या दारात कवा गेलीच नाई. आमचे हे, पांडुरंगराव, गेल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, मुहूर्ताचं आवतन सवाष्णीनं द्यायचं, म्हणून ते काम तुझ्याकडं आलं. मी त्या वाटेले गेलीच नाई. अन् आता गेली तर कुंकवाशिवाय, रिकाम्या कपाळानं. लोकं काय म्हणतीन?

बयनाबाई दारातच तूर निवडून राह्यली होती. उठली नाई. "बसा," म्हटलं. मी बसली. म्हटलं, "बयनाबाई, काय चुकलं माझं, तोंडानं सांग."

ती म्हणे, "बाई, दरसाल आमाले आवतन यायचं. जयवंताबाई गेल्यावर दोन साल ते आलं नाई, तरी आमी आलो; यंदा तर आवतनाच्या जागी कागद आला. मुनीम गाडीवरून उतरलाबी नाई वो. गाडी चालूच. नाव पुकारलं, कागद फेकला, निघाला. अन् कागदात काय लिहेल हाय? माह्या नातवानं वाचून दावलं. एकतीस मार्चले काम संपीन."

मी म्हटलं, "अवो, ती मुदत आहे. हंगामी कामात लिहावी लागते. मार्चात कापूसच सरते, मग काम कायचं राहते?"

"कापूस सरते ते आमालेबी मालूम हाय. मी तुमच्या जिनिंगवर तुमच्या लग्नाआधीपासून येऊन राह्यली. पन आजवर कोनी आमाले 'सरलं' म्हनून लिहून देल्लं नव्हतं."

तोवर बाकीच्या जमल्या होत्या. चंपाबाई म्हणे, "आमी समजलो, बाईनं नियमानं आपल्याले मोकळं केलं. बोलावनं बंद, हिशोब बंद."

पाह्य जयवंता! मी कागद देल्ला धरून ठेवायले, अन् त्यायनं तो घेतला निरोपाचा. मुनिमावर भडकायची सोय नाई, पाठवलं मीच होतं. मले हसूबी आलं अन् भडभडूनबी आलं. मी डबा उघडला. म्हटलं, "कुंकू नाई माझ्याकडं. तुमाले मालूमच आहे. गूळ-खोबरं आहे, जयवंतानं नागपूरवरून पाठवलं."

तर चंपाबाई काय म्हणते, "कुंकवाले कोन येत होतं वो बाई? आमी बुद्धाचे लोकं, मी तर ते कवाच लावलं नाई. जयवंताबाई मले नुस्ता गूळ द्यायच्या, अन् सगळ्या घरचं इचारायच्या. आमाले बोलावनं पायजे होतं."

मग मी ते शब्द म्हटले. मले येतात का नाई याचंच भ्याव होतं. "उद्या आपल्या जिनिंगचा मुहूर्त आहे. सगळ्याइनं यायचं." बयनाबाईनं हात पुढं केला, खोबऱ्याचा काप घेतला, उलटसुलट पाह्यला अन् म्हणे, "जयवंताबाईचाच हाय. इतका पातळ दुसरं कोनी कापत नाई." साऱ्या वस्तीत हशा! मग घरोघरी नेलं मले. दर घरी चहा. पोरीचं लग्न, म्हशीचं वेत, कोणाचा गुडघा, सारं ऐकलं. दिवस बुडाला तवा परत आली. सारा दिवस कायले लागे ते आता समजलं.

सोमवारी सकाळी फाटक उघडलं तर बाया माझ्या आधी येऊन उभ्या. पदरानं नाक-तोंड बांधून, मशिनीपुढं आपापल्या जागी. ठेकेदाराले मीच फोन करून सांगतलं, गरज नाई भाऊ.

तुले काय म्हणू? तू एक शब्द लिहिला नाईस, अन् माझी जिनिंग वाचवलीस. त्यायचं काम वाचवलंस. देव तुझं भलं करो.

रेणुका


भीमपूर, २१ डिसेंबर

जयवंता,

चालू आहे सगळं. कापूस पांढराशुभ्र येऊन राह्यला. शेडमधी रुई उडते अन् माझ्या केसात बसते, तसेही ते पांढरेच.

कागदाचं पुढं काय झालं ते सांगायचं राह्यलं. सगळ्याइचे कागद मी परत मागितले. नवे केले नाई. तेच, पण तळाशी दर कागदावर माझ्या हातानं एक ओळ लिहिली: "पुढच्या हंगामाचं आवतन मालकीण घरी येऊन देईन." अन् खाली दस्तखत. मुदत मार्चचीच ठेवली, ती नियमाची आहे. मार्चनंतरचं मात्र आमचं आपसातलं.

नरसय्या सारले दाखवलं. त्यानं कपाळावरचा चष्मा शोधला, घातला, दोनदा वाचलं. म्हणे, "अम्मा, हे कलम कोणत्या कायद्यात आहे?" मी म्हटलं, आमच्या. मले वाटलं आता खोडते. पण तो काय म्हणाला, "नियम सांगते कमीत कमी काय द्यायचं. त्याच्यावर देणाऱ्याचा हात नियम धरत नाई." भला माणूस आहे. आजवर त्याच्या फोनाले मी लई शिव्या देल्ल्या, आता मनातल्या मनात परत घेतल्या.

तपासणीची तर अशी गंमत झाली! दवाखान्याची बाई लिहून घ्यायले बसली, चाळीसच्या वर कोण कोण? एक हात वर नाई. सगळ्या एकोणचाळीसच्या! बयनाबाईबी एकोणचाळीसची, अन् तिच्या मांडीवर नातवाचं लेकरू. शेवटी मी म्हटलं, मी साठच्या वर आहे, पहिला नंबर माझा, सुई टोचा. मग हसत हसत सगळ्या आल्या. चंपाबाईचं रक्त लईच कमी निघालं. दर हंगामात ती मशिनीपुढं बसल्या बसल्या डोळे मिटायची, अन् आपण समजत होतो झोपते. गोळ्या चालू केल्या आहेत. परवा म्हणे, "बाई, आता कापूस दूरवरून दिसते मले." नियमानं मले एवढं तरी पाहायले लावलं. कोणाचे उपकार कुठून येतात, काई सांगता येत नाई बाप्पा.

आता असल गोष्ट.

परत आलेल्या कागदायवर ती ओळ लिहून राह्यली होती, तवा बयनाबाई ऑफिसात आली होती. म्हणे, "सगळ्यायचे झाले?" मी म्हटलं हो. ती म्हणे, "जयवंताबाईचा?" मी म्हटलं, ती घरची होती. तर ती म्हणे, "आमाले हजेरीत नाव घेऊन हाक कोन मारे? नवी पोरगी आली तर बोट मशिनीत जाऊ नये म्हनून तिच्या बाजूले कोन बसे? घरच्या तर तुमीबी हाय, तुमी खुर्चीवर बसत होत्या."

दोन साल झाले, तुझं ते वाक्य माझ्या मानेवर बसून आहे. जिनिंग तुझी कवा होती? तुझ्या नवऱ्याची होती, माझ्या नवऱ्याची होती, सासऱ्याची होती. तू मात्र तिच्यात रोज होती. मशीन कोणाच्या नावावर आहे याचा कागद असते, आत कोण राबलं याचा आजवर नव्हता. नवा नियम तेच तर म्हणून राह्यला, काम करणाऱ्या प्रत्येकाले कागद.

तर मी तुझाबी कागद केला. नरसय्या सार म्हणे, "अम्मा, घरच्या माणसाले लागत नाई." मी म्हटलं, लागत नाई ते समजलं, द्यायची मनाई आहे का? त्यानं लई पानं उलटली. मनाई नाई म्हणे.

काय लिहिलं ते सांगून ठेवते, म्हणजे भांडायची तयारी करून ठेवशील:

नाव: जयवंताबाई भारतराव.

काम: हंगामाचं आवतन देणे. हजेरीत प्रत्येकीले तिच्या नावानं हाक मारणे. नव्या बाईच्या बाजूले बसणे. मालकीण नाहक चिडली तर तिले गप्प करणे.

रुजू तारीख: लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताची. तारीख मले आठवत नाई, पण तू हिरवं लुगडं नेसली होती अन् मशिनीच्या आवाजानं दचकून माझा हात धरला होता.

मजुरी: नियमानं. घेत नाई म्हणायचं नाई.

येणं-जाणं: महिन्यातून जमंन तेवढं. दौलतचा ट्रक आहे.

मुदत: ही ओळ कोरी. नरसय्या सार म्हणे, हे मात्र भरा. मी म्हटलं, ही हंगामी नाई.

पण हा कागद या पत्रात नाई. शोधू नको, मी शोधली होती तशी. आवतनाशिवाय कागद देल्ला तर त्याचा काय अर्थ होते, ते मी या सालात शिकली. म्हणून मीच घेऊन येऊन राह्यली, गुरुवारी, दौलतच्या ट्रकनं. तुझा डबा घासून चमकवला आहे. गूळ तामसीच्या बाजारचा आहे, खोबरं मीच कापलं, जाडजूड झालं, हसायचं नाई. ट्रक तुझ्या दारापुढं थांबंन अन् मी खाली उतरीन.

फोन नको उचलू. दार उघड.

तुझी जाऊ,
रेणुका